दुसऱ्या गाडीला ड्रायव्हर हवा होता

इंग्लंडातल्या आमच्या ब्रॅकनेल गावातल्या ओळखीच्या मराठी बायका रविवारी दुपारी काय करतात हे मला साधारण ठाऊक आहे. कोणी गार्डन सेंटरला जाते, कोणी मुलांना तबल्याच्या क्लासला नेते, कोणी आठवड्याच्या पोळ्या लाटून फ्रीझरमध्ये टाकते. मी कानांत बोळे घालून एका जाळीच्या कुंपणाला टेकून उभी असते आणि पंचवीसेक गाड्या एकमेकींना ढुशा देत गोल गोल पळताना बघते. कोणी विचारलंच तर मी "गार्डन सेंटर" म्हणून सांगते. आमच्या बागेची दशा बघता हे कोणालाही पटू नये, पण अजून कोणी खोदून विचारलेलं नाही.

ह्या सगळ्याला कारण नवरा. चार वर्षांपूर्वी लग्नाच्या वाढदिवसाला "सरप्राइज आहे" म्हणून तो मला तासभर ड्राइव्ह करून कुठेतरी घेऊन गेला. मी रेशमी कुर्ता आणि मोत्यांच्या कुड्या घातल्या होत्या. गाडी थांबली ती एका चिखलाच्या मैदानात, बर्गर व्हॅनच्या शेजारी. "लहानपणापासून हे बघायचं होतं," नवरा म्हणाला. त्याचं लहानपण कोथरूडला गेलं. तिथे बसून इंग्लंडातल्या स्टॉक कार रेस बघायची इच्छा कशी झाली हे मी अजून विचारते आणि तो अजून विषय बदलतो. गंमत म्हणजे अर्ध्या तासात तो कंटाळला. मी मात्र शेवटची रेस संपेपर्यंत कुंपण सोडलं नाही.

स्टॉक कार म्हटलं की लोकांना टीव्हीवरच्या चकचकीत गाड्या आठवतात. ही ती भानगड नव्हे. इथे पाव मैलाचा एक लंबगोल ट्रॅक असतो. गाड्यांना काचा नसतात, आत एकच सीट, आणि चहूबाजूंनी लोखंडी बंपर. पुढचा माणूस वाटेतून हटत नसेल तर त्याला बंपरने ढकलायचं. हे नियमात बसतं. बसतं म्हणजे काय, न ढकलणाऱ्याकडेच लोक जरा संशयाने बघतात.

आणि गाड्यांच्या छपरांचे रंग! ते वर्षभराच्या पॉइंट्सवर ठरतात. सगळ्यात हळू ड्रायव्हरचं छप्पर पांढरं, त्यापेक्षा बरा तो पिवळा, मग निळा, आणि पट्टीचे लोक लाल. रेस सुरू होताना पांढरे पुढे आणि लाल मागे उभे राहतात, म्हणजे ढ मुलं पहिल्या बाकावर आणि हुशार मुलं शेवटच्या. त्यातून कोणी अगदीच नवशिका असेल तर त्याच्या पांढऱ्या छपरावर काळी फुली मारतात आणि त्याला सुरुवातीच्या काही खेपांना सगळ्यांच्या मागे उभं करतात, लोकांच्या वाटेत यायला नको म्हणून.

मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा मला पगार मिळतो, आणि पगार नसता तरी मी त्या शोधल्याच असत्या असं नवऱ्याचं म्हणणं आहे. घरी आल्यावर मी त्या खेळाचं नियमपुस्तक डाउनलोड केलं आणि आठवड्याभरात वाचून काढलं. बंपरची उंची, टायरची रुंदी, पिवळा झेंडा असताना काय चालतं, लाल असताना काय. इतकं स्वच्छ लिहिलेलं डॉक्युमेंट मला ऑफिसात वीस वर्षांत मिळालेलं नाही.

त्या पुस्तकानेच मला टीममध्ये नेलं. तिसऱ्या का चौथ्या खेपेला कुंपणाशी एक म्हातारा तणतणत होता. त्याचं गॅरेज आहे, दोन गाड्यांची टीम आहे. एक गाडी त्याचा मुलगा चालवायचा, दुसरी जावई. जावयाला तिसऱ्या नंबरवरून खाली ढकललं होतं, कारण म्हणे त्याने धोक्याचा पिवळा झेंडा असताना ओव्हरटेक केलं. मला राहवलं नाही. "पण तो पुढचा आधीच गरगरा फिरून थांबला होता," मी म्हणाले, "थांबलेल्या गाडीला मागे टाकणं ह्याला ओव्हरटेक धरत नाहीत, तसा नियमच आहे." म्हाताऱ्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग मला हाताने ओढत अधिकाऱ्यांच्या केबिनमध्ये नेलं. जावयाला तिसरा नंबर परत मिळाला. म्हातारा बाहेर येऊन एवढंच म्हणाला, "यू'ल डू." म्हणजे, चालशील. त्या दिवसापासून मी टीमची रूल्स लेडी झाले.

आता टीममध्ये असणं म्हणजे अफवांमध्ये असणं. मी मराठी मंडळाच्या गणपती कमिटीवर दोन वर्षं काढलेली आहेत, त्यामुळे मला वाटायचं की अफवांचं आपलं शिक्षण पूर्ण झालं. छे! कोण कुठली टीम सोडणार, कोणाचं इंजिन कोणी पळवलं, कोणाची कोणाशी बोलाचाली बंद झाली, ह्यापुढे आमची कमिटी म्हणजे बालवाडी. ड्रायव्हर बदलणार ही बातमी आधी बर्गर व्हॅनवर फुटते, मग बाकीच्या टीमना कळते, मग आपल्या टीमला, आणि सगळ्यात शेवटी खुद्द त्या ड्रायव्हरला.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात बर्गर व्हॅनवर बातमी आली की आमचा जावई दुसऱ्या टीमकडे चालला. म्हातारा म्हणाला, साफ खोटं आहे. मुलगा म्हणाला, साफ खोटं आहे. जावई म्हणाला, मी असं करीन का? पुढच्या रविवारी तो समोरच्या टीमच्या जॅकेटमध्ये चहा पीत उभा होता. म्हाताऱ्याने त्याला लांबून हात केला आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासमोर चहात दोन चमचे साखर घेतली.

दुसरी गाडी ट्रेलरवर तशीच उभी राहिली. सीझनच्या अजून सात-आठ मीटिंग बाकी होत्या. रेसच्या दिवसाला इथे मीटिंग म्हणतात. ऑफिसातल्या मीटिंगपेक्षा फरक इतकाच की इथली आपटाआपटी उघड असते. आता सीट कोणाला मिळणार ह्यावर पैजा लागायच्या बाकी होत्या. क्रॉयडनचा कोणी निळ्या छपराचा ड्रायव्हर येणार, असं एक. कोणी जुना लाल छपराचा माणूस गुडघ्याचं ऑपरेशन करून परत येणार, असं दुसरं. लोक मला विचारायचे, आणि मी सगळं माहीत असल्यासारखा चेहरा करून "बघू" म्हणायचे.

मला काहीच माहीत नव्हतं. मला फक्त ती सीट हवी होती.

हे मी आता सरळ लिहिते आहे, पण तेव्हा नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं. झालं असं होतं की एकदा सीटच्या पट्ट्याची लांबी नियमाप्रमाणे आहे का हे बघायला मी त्या गाडीत बसले होते. पट्टा तपासून झाला. मग मी स्टिअरिंगला हात लावला. मग आणखी जरा वेळ बसले. बाहेर येताना मला कळून चुकलं होतं की बावन्नाव्या वर्षी, चष्म्याचा नंबर दोनदा वाढल्यावर, मला गोल गोल गाडी चालवून लोकांना ढुशा द्यायच्या आहेत. ब्रॅकनेलमध्ये इतके राउंडअबाउट आहेत की निम्मी प्रॅक्टिस चोवीस वर्षांत झालेलीच आहे, अशी मी मनाची समजूतही घालून टाकली.

आणि म्हाताऱ्याने विचारलं! ट्रेलरच्या पायरीवर बसून आम्ही चहा पीत होतो. नवरा जरा पलीकडे फोनवर क्रिकेटचा स्कोअर बघत होता. म्हातारा कपात बघत म्हणाला, "दुसरी गाडी उगाच गंजतेय. तुला नियम तर सगळे पाठ आहेत. चालवतेस का?"

माझ्या पोटात केवढा तरी आनंद उसळला. आणि तोंडातून आलं, "छे छे, मी कुठली! ह्या वयात! कोणातरी चांगल्या माणसाला द्या."

म्हातारा म्हणाला, "फेअर इनफ." चहा संपवला, कप पुसला आणि उठून गेला.

मी तिथेच बसून राहिले. आमच्या घरी आईने आम्हा बहिणींना शिकवलं होतं की कोणाकडे गेल्यावर लाडू पुढे आला की पहिल्यांदा "नको" म्हणायचं. दुसऱ्यांदा "नको हो, आत्ताच खाऊन आले" म्हणायचं. तिसऱ्यांदा "बरं, अर्धा द्या" म्हणायचं आणि मग दोन खायचे. पहिल्या फटक्याला हात पुढे करणारी मुलगी हावरट. चोवीस वर्षं ह्या देशात राहून मला हे ठाऊक आहे की इथे तिसऱ्यांदा कोणी विचारत नाही. ऑफिसात चहा हवाय का म्हटलं की मी तत्काळ "येस प्लीज" म्हणते. पण जे खरंच जिवापाड हवं असतं ते समोर आलं की माझ्या तोंडून आईच बोलते.

परतीच्या वाटेवर मी नवऱ्याला सांगितलं. त्याने इंडिकेटर देऊन गाडी रस्त्याकडेच्या लेबायमध्ये थांबवली, हे मला जरा जास्तच वाटलं.

"थांब. तुला चालवायचीय?"

"हो."

"त्याने विचारलं?"

"हो."

"आणि तू नाही म्हणालीस."

"अरे, पहिल्यांदा कोणी लगेच हो म्हणतं का? विचारेल तो परत."

"परत?" नवरा स्टिअरिंगवर डोकं टेकून हसायला लागला. "अगं, ही इज फ्रॉम बेझिंगस्टोक! त्याला आता आग्रह करायला शिकवायला तुझी आत्या आणू का?"

मी रेडिओ लावला आणि आवाज मोठा केला.

तो परत विचारेल म्हणून मी दोन आठवडे वाट बघितली. नुसती बघितली नाही, त्याला सोयीचं जावं म्हणून मध्ये मध्ये जागाही करून दिली. "गाडी अशी उभी बघवत नाही हो," मी म्हणायचे. म्हातारा म्हणायचा, "ट्रू." "चालवणाऱ्याला नियम माहीत असले की निम्मं काम झालं," मी म्हणायचे. तो म्हणायचा, "व्हेरी ट्रू." त्याच दिवसांत मी गुपचूप ड्रायव्हरच्या लायसन्सचा अर्ज भरला, डॉक्टरकडून तब्येतीचा फॉर्म भरून घेतला आणि डोळे तपासून आले. म्हणजे विचारल्यावर उगाच खोळंबा नको. मनात मांडे खायला कोणाची परवानगी लागत नाही.

मग एका संध्याकाळी पुतणीचा फोन आला. पुतणी म्हणजे माझ्या मोठ्या दिरांची मुलगी. हॅरोमध्ये जन्मली, तिथेच वाढली, आता फिजिओथेरपिस्ट आहे. वय सत्तावीस. वीकेंडला आमच्याकडे राहायला आली की मी तिला रेस बघायला न्यायचे. म्हणजे तिला तिथे नेलं कोणी? मीच.

"काकू! गेस व्हॉट! माझा एक बिग न्यूज आहे. त्या आजोबांनी मला विचारलं, दुसरा गाडी चालवशील का?"

"कधी?" मी विचारलं.

"लास्ट संडे, तू टॉयलेटला गेली होती तेव्हा. मी कार्टिंग करते ना, ते त्यांना कळलं. त्यांचा सेंटेन्स पण नव्हता संपला, मी हो बोलली!"

कानामागून आली आणि तिखट झाली, असं आपल्याकडे म्हणतात. मी ते मनातल्या मनात तीनदा म्हटलं आणि फोनवर म्हणाले, "अगं वा!"

बाहेरच्या कोणी ती सीट नेली असती तर मला निदान चार शिव्या देता आल्या असत्या. इथे आपलेच दात, आपलेच ओठ. शनिवारी ती राहायला आली. मी साबुदाण्याची खिचडी केली आणि डायनिंग टेबलवर मीठदाण्या आणि वाट्या मांडून तिला झेंड्यांचे नियम शिकवले. ती हुशार आहे, पटापट शिकली, त्याचाही मला राग आला. मध्येच चमचा खाली ठेवून तिने माझ्याकडे पाहिलं.

"काकू, तुला पाहिजे होता का ती सीट? टेल मी ऑनेस्टली."

स्वयंपाकघराच्या दारात नवरा उभा होता. त्याने माझ्याकडे बघून भुवया इतक्या वर नेल्या की त्या केसांत गेल्या असत्या, केस असते तर.

"छे गं!" मी म्हणाले. "मला कशाला हवी?"

"ओके," पुतणी म्हणाली आणि खिचडी खायला लागली. नवरा दारातून निघून गेला. आतल्या खोलीतून त्याने उशीत तोंड घालून हसल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

तिची पहिली मीटिंग मी ट्रॅकच्या कुंपणाशी उभी राहून बघितली. पांढऱ्या छपरावर काळी फुली, सगळ्यांच्या मागे. दुसऱ्याच वळणावर एका पिवळ्या छपराने तिला मागून असं ढकललं की ती पूर्ण गिरकी घेऊन उलट तोंडाने उभी राहिली. मला वाटलं आता रडेल. तिने गाडी वळवली आणि त्या पिवळ्याच्या मागे लागली. रेस संपल्यावर ती बाहेर आली तेव्हा तिच्या तोंडावर फक्त दात पांढरे दिसत होते आणि ती हसत होती. मी तिला मिठी मारली. मग टॉयलेटच्या केबिनमध्ये जाऊन पाच मिनिटं रडले. अभिमान वगैरे होताच, पण रडले ती मत्सराने. सत्तावीस वर्षांच्या पोरीचा, जिला मी लहानपणी मांडीवर घेऊन भरवलं, तिचा मला मत्सर वाटत होता.

त्याच आठवड्यात माझं लायसन्स पोस्टाने आलं. पुतणीने फोनवरून काढलेलं तीन दिवसांत आलं होतं. पाकीट नवऱ्याने फोडलं. आधी तो हसला. मग त्याने ते माझ्या हातात दिलं, आणि तो हसत नव्हता.

"भीड भिकेची बहीण," तो म्हणाला. "जा आणि सांग त्याला."

"आता काय सांगू? घरातली पोर आहे ती."

"तिच्याकडून काढून घे असं नको म्हणूस. तुला हवी होती एवढं तरी सांग. नाहीतर तू मला जन्मभर ऐकवत बसशील, आणि माझा काही संबंध नसताना."

हे त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. एका बुधवारी मी ऑफिसातून लवकर निघाले आणि म्हाताऱ्याच्या गॅरेजला गेले. वाटेत गाडीत मी ते वाक्य मोठ्याने म्हणून बघितलं. इतकं साधं वाक्य, पण प्रत्येक वेळी त्याच्यापुढे "इफ इट्स नॉट टू मच ट्रबल" चिकटत होतं. म्हातारा एका व्हॅनखाली झोपला होता. मला फक्त त्याचे बूट दिसत होते, ते बरं झालं.

"मला ती गाडी चालवायची होती," मी बुटांना सांगितलं. "तुम्ही विचारलंत तेव्हाच चालवायची होती."

बूट थांबले. म्हातारा सरकत बाहेर आला. "तू तर नाही म्हणालीस."

"हो. पण मला हवी होती."

"मग नाही का म्हणालीस?"

मी त्याला लाडवांची सगळी हकिगत सांगितली. पहिल्यांदा नको, दुसऱ्यांदा नको, तिसऱ्यांदा अर्धा. तो हात पुसत शांतपणे ऐकत होता. मग त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उजाडायला लागलं.

"म्हणजे मी आणि बायको तुमच्याकडे जेवायला आलो होतो तेव्हा," तो सावकाश म्हणाला, "मी नको म्हणत होतो आणि तू वाढत होतीस."

"अर्थात!"

"मी खरंच नको म्हणत होतो."

त्या रात्री मी त्याला पाच पुरणपोळ्या वाढल्या होत्या. त्याने त्या पाचही खाल्ल्या, कारण पानात टाकणं त्याला उद्धटपणाचं वाटलं. नंतर दोन दिवस तो गॅरेजला गेला नव्हता आणि मुलाने "पोट बिघडलंय" असं सांगितलं होतं. मला तेव्हा वाटलं होतं, बर्गर बाधला असेल. तो इतका हसला की त्याला व्हॅनला धरून उभं राहावं लागलं.

पण सीटच्या बाबतीत तो हलला नाही. "सीझन संपेपर्यंत गाडी तिची. ज्या ड्रायव्हरची काही चूक नाही त्याची गाडी मी काढून घेत नाही," तो म्हणाला. "तिने स्वतःहून एखादी मीटिंग तुला दिली तर फॉर्मवर मी सही करीन. ते तुमचं तुम्ही बघा."

हे बरोबर होतं, आणि मला नियम आवडतात. म्हणून मी मान डोलावली आणि घरी आले. पुतणीकडे मी मागणार नव्हते. मोठ्या माणसाने लहानाच्या हातातलं मागायचं नसतं. तिच्या दोन मीटिंग झाल्या, तिसरी झाली, चौथी झाली. काळी फुली केव्हाच पुसली होती आणि ती एकदा सहावी आली. मी झेंडे सांगितले, पट्टे तपासले, बंपरची उंची मोजली आणि प्रत्येक वेळी तिला मिठी मारली.

शेवटच्या मीटिंगला आम्ही सकाळी लवकर पोचलो. चांगलं ऊन पडलं होतं. म्हातारा आणि त्याचा मुलगा टायर लावत होते, नवरा चहा आणायला गेला होता. पुतणी सूट घालून, हातात हेल्मेट घेऊन माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"काकू, काकांनी मला सगळं सांगितलं. ते लायसन्स आणि सगळं." नवऱ्याच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे मी विसरले होते. "तू मला का नाही बोललीस? आजची मीटिंग तू घे. मी चार केले ना. खरंच, तू घे."

आणि तिने हेल्मेट पुढे केलं.

माझं "नको" जिभेवर तयार होतं. नको गं राणी, तूच चालव, शेवटची मीटिंग आहे, तुझे पॉइंट्स जातील. सगळं वाक्य तयार होतं. म्हाताऱ्याने टायरवरून मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"दे," मी म्हणाले.

पुतणीचा हात तसाच राहिला. हेल्मेट तिने सोडलं नाही. तिच्या चेहऱ्यावरचं हसू जागेवरच होतं, पण मागून कोणीतरी दिवा काढून घेतला होता. आणि मला एका क्षणात कळलं. ती माझ्या "नको"ची वाट बघत होती. तिने एकदा म्हणायचं, काकूने नको म्हणायचं, तिने पुन्हा म्हणायचं, काकूने तिच्या गालाला हात लावून "जा, चालव" म्हणायचं, असं ते व्हायला हवं होतं. मराठी तिचं मोडकंतोडकं असेल, पण हे मात्र माझ्या जाऊबाईंनी हॅरोच्या त्या घरात तिला बिनचूक शिकवलं होतं.

तेव्हाही मला ते परत देता आलं असतं. ड्रायव्हर बदलायचा फॉर्म पहिल्या रेसच्या एक तास आधी द्यावा लागतो आणि अजून वीस मिनिटं शिल्लक होती. तो नियम तिथे माझ्याइतका कोणालाच पाठ नव्हता. मी हेल्मेट जरा ओढलं. तिने सोडलं. मी फॉर्म भरला, म्हाताऱ्याची सही घेतली आणि बारा मिनिटं राखून केबिनमध्ये नेऊन दिला.

जावई जाताना त्याचा जुना सूट टाकून गेला होता, तो मी पाय दुमडून घातला. छपरावर पुन्हा काळी फुली मारली. मला सगळ्यांच्या मागे उभं केलं. हिरवा झेंडा पडला आणि एवढा आवाज झाला की माझे सगळे पाठ नियम डोक्यातून उडाले. पहिल्या वळणावर मला कोणी ढकललं नाही, कारण माझ्या मागे कोणी नव्हतं. तिसऱ्या फेरीत लाल छपरं फिरून माझ्या मागे आली आणि एकाने मला असं काही बाजूला सारलं की माझी दाढ हलली. मी किंचाळले, आणि ती किंचाळी आनंदाची होती. शेवटच्या फेरीआधी एक पांढरं छप्पर माझ्यापुढे रेंगाळत होतं. तो हटेल म्हणून मी अर्धं वळण थांबले. मग त्याला बंपर लावला. तो गेला गवतात. मी शेवटून दुसरी आले.

मी गाडीतून बाहेर आले. नवऱ्याने एकही विनोद न करता माझा चष्मा पुसून परत दिला. म्हातारा म्हणाला, "नॉट बॅड." पुतणी कुंपणापासून धावत आली. तिचा आवाज बसला होता, कारण सगळी रेस ती माझ्या नावाने ओरडत होती. तिचे डोळे लाल होते. तिने मला पाणी दिलं आणि मी अख्खी बाटली संपवली.

"काकू," मग ती म्हणाली, "मला वाटलं तू नको बोलशील."

"माहीत आहे."

"तुला तेव्हाच कळलं होतं?"

"हो."

"आणि तरी घेतलं?"

"हो," मी म्हणाले. "मला हवी होती."

पलीकडे दुसऱ्या रेसच्या गाड्या सुरू व्हायला लागल्या होत्या.

"नेक्स्ट इयर मी नाही देणार," ती म्हणाली.

"देऊ नकोस."

मग तिने माझ्या हातातलं हेल्मेट काढून घेतलं. विचारलं नाही.